नवीन हीट पंप बसवला तरी वरच्या खोल्या गार, इन्स्टॉलर म्हणतो मशीन ठीक आहे, शेवटचा हप्ता देऊ का?

तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला हे वाटलं, की "तो म्हणतो मशीनमध्ये काहीच फॉल्ट नाही". बहुतेक तो खरंच बोलतोय. जुना गॅस बॉयलर काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणून पाणी तापवणारं मशीन) लावला, रेडिएटर (ते गरम पाणी आत फिरून खोली तापवणारे धातूचे पॅनेल) जुनेच ठेवले, खालचा मजला बरा पण वरच्या दोन बेडरूम १७-१८ अंशांवरच अडकतात, बिल दणकून येतंय, तो आता फोन उचलत नाही आणि तुम्ही शेवटचा हप्ता अडवून बसलाय, हे सगळं वाचून मशीन बिघडलंय असं मला वाटतच नाही. डिझाइन तरी चुकलंय नाहीतर सेटिंग अर्धवट टाकून माणूस निघून गेलाय. मी हीटिंग डिझाइनचं काम करते आणि अशा भांडणांत कधी घरमालकाने कधी कंत्राटदाराने तपासणीला बोलावलेलं आहे, त्यावरून लिहिते. कायद्याची कलमं देशागणिक बदलतात त्यामुळे त्यात शिरत नाही.

"मशीन ठीक आहे की नाही" यावर भांडत राहिलात तर हरणार तुम्हीच. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येईल, कंट्रोलर बघेल, एरर कोड नाही म्हणेल आणि सही घेऊन जाईल, आणि मग तीच सही तुमच्याविरुद्ध दाखवली जाईल. तुमचा प्रश्न वेगळा पाहिजे: बाहेर अमुक अंश असताना या खोलीत अमुक अंश मिळतील असं ठरलं होतं का, आणि मिळतायत का. बास. यात मत वगैरे काही नाही, कागद आणि थर्मामीटर आहे.

आता रेडिएटरचं. ही गोष्ट नीट समजून घ्या कारण अशा तक्रारींचं मूळ कितीदा तरी इथेच सापडतं. रेडिएटरवर जे वॅट लिहिलेले असतात ते युरोपच्या ईएन ४४२ या मानकाप्रमाणे मोजलेले असतात, म्हणजे आत जाणारं पाणी ७५ अंश, बाहेर येणारं ६५ आणि खोली २०. सरासरी पाणी आणि खोली यातला फरक ५० अंश, म्हणून त्याला डेल्टा टी ५० म्हणतात. हीट पंप ७५ अंशांवर चालवत नाहीत, चालवला तर वीज खातो. समजा ५५ आणि ४५ वर चालवला तर फरक ३० होतो आणि तोच १५०० वॅटचा रेडिएटर साधारण ७७० वॅट देतो, ४५ आणि ३५ वर आणला तर फरक २० आणि रेडिएटर जेमतेम ४५० च्या आसपास. फरक निम्म्यावर आला तर उष्णता निम्म्याहून बरीच कमी होते, सरळ हिशोब नाहीये तो. म्हणजे जो रेडिएटर बॉयलरवर बेडरूम मस्त तापवत होता तोच आता एक तृतीयांशाहून कमी देतोय आणि त्यात रेडिएटरचा काही दोष नाही, तो बदलायला हवा होता हे ठरवायची जबाबदारी डिझाइन करणाऱ्याची होती.

म्हणून पहिली मागणी पैशाची करू नका, दुरुस्तीचीही नको, पहिली मागणी खोलीवार हीट लॉसच्या हिशोबाची करा. प्रत्येक खोलीतून भिंती, खिडक्या, छत आणि हवेच्या येण्याजाण्यातून किती वॅट बाहेर जातात आणि तिथला रेडिएटर ठरलेल्या पाण्याच्या तापमानाला किती वॅट देतो, असा तक्ता असतो (ईएन १२८३१ ही त्याची पद्धत). ज्याने नीट काम केलंय तो एका मेलमध्ये पाठवून देतो. ज्याने घराचं क्षेत्रफळ गुणिले एक ठोकताळा असं करून मशीन निवडलंय तो टाळाटाळ करतो, आणि ती टाळाटाळ लेखी असली तर तोही पुरावाच आहे. सोबत कमिशनिंगचा कागद मागा, म्हणजे सिस्टिम सुरू करून देताना काय काय मोजलं आणि काय सेट केलं त्याची नोंद.

तोपर्यंत तुम्ही मोजायला लागा. प्रत्येक तक्रारीच्या खोलीत एक साधा नोंद ठेवणारा थर्मामीटर, खोलीच्या मध्याजवळ, बसल्यावर डोकं असतं तेवढ्या उंचीवर, बाहेरच्या भिंतीला चिकटून नको आणि ऊन पडेल तिथे नको. एक बाहेर सावलीत. दोन आठवडे नोंद ठेवली तर चित्र स्पष्ट होतं. दारं नेहमीसारखी ठेवा, पडदे रेडिएटरवरून बाजूला करा, समोरचा सोफा हलवा, नाहीतर तपासणीला आलेला पहिलं बोट त्यावरच ठेवणार. या दिवसांत सेटिंगला हात लावू नका, आणि रात्री बंद सकाळी चालू असं पण करू नका, हीट पंपाला ते झेपत नाही, पाणी कोमट असल्यामुळे गार पडलेलं घर पुन्हा वर यायला तासन्‌तास लागतात.

मग रेडिएटर हाताने तपासा, यात इंजिनिअर लागत नाही. वरचा भाग गार आणि खालचा गरम, तर आत हवा अडकलीय. वर गरम आणि खाली मध्यभागी गार, तर गाळ साठलाय, जुन्या सिस्टिममधला काळा गाळ म्हणजे लोखंडाचा गंजच असतो आणि नवीन मशीन जोडण्याआधी तो फ्लश करून काढायचा असतो, काढला का ते विचारा, चुंबकाचा फिल्टर लावलाय का ते बघा. खालच्या मजल्यावरचे सगळे चांगले गरम आणि वरचे मात्र गार, तर बॅलन्सिंग झालेलं नाही, पाणी सोप्या वाटेने खालीच फिरून परत येतंय, प्रत्येक रेडिएटरच्या परतीच्या टोकाला टोपीखाली जो व्हॉल्व्ह असतो तो कमीजास्त करून हे सुधारतं आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि वरचे रेडिएटर सगळीकडून सारखेच कोमट असतील, खालच्यांइतकेच, तरी खोली तापत नसेल, तर मघाशी सांगितलं तेच, रेडिएटर लहान पडतोय. तुमच्या वर्णनावरून मला शेवटची शंका जास्त येते, पण बॅलन्सिंग आधी तपासायला सांगा कारण ते स्वस्तात सुटतं आणि इन्स्टॉलरलाही हो म्हणायला सोपं जातं.

बिलाबद्दल. हीट पंपाच्या आत किंवा शेजारी बहुतेक वेळा एक विजेचा बॅकअप हीटर असतो, गीझरमधल्या कॉइलसारखाच. पंप एक युनिट वीज घेऊन घरात साधारण तीन युनिट उष्णता आणतो, हा हीटर एकाला एकच देतो. सुरू करून देताना याचं सेटिंग चुकीचं राहिलं तर तो जरा थंडी पडली की गुपचूप लागतो, आणि स्क्रीनवर सगळं हिरवंच दिसतं. मेन्यूत त्याचे चाललेले तास दिसतात, फोटो काढा. तिथेच पाण्याचा फ्लो दिसत असेल तर तोही टिपा. लिटर प्रति मिनिट गुणिले जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यातला फरक गुणिले ७०, इतके वॅट घराला मिळतायत. १२ लिटर आणि ५ अंश फरक म्हणजे ४२०० वॅट. कडाक्याच्या थंडीत पंप न थांबता चालतोय, कागदावर त्या थंडीला घराची गरज ८००० लिहिलीय आणि तुम्हाला ४२०० मिळतायत, हे दाखवल्यावर वाद घालायला फार काही उरत नाही.

काही गोष्टी तक्रारीत घालू नका बरं का. बाहेरच्या युनिटमधून मधेच वाफ निघते, खाली पाणी सांडतं, तो डीफ्रॉस्ट आहे, बर्फ वितळवतोय, नॉर्मल आहे. रेडिएटर हाताला चटका देत नाही हेही नॉर्मल. तक्रारीत अशा चार फालतू गोष्टी असल्या की समोरचा त्यांनाच आधी उत्तर देतो आणि खरी गोष्ट मागे पडते. (हे वाचणाऱ्या इतर कुणाकडे गॅस बॉयलर असेल आणि धुराड्याबद्दल, जळक्या वासाबद्दल, सुरू असताना डोकं दुखण्याबद्दल शंका असेल तर हे मोजमाप बिजमाप काही नाही, बंद करा, खिडक्या उघडा, घराबाहेर पडा आणि आणीबाणीच्या नंबरवर फोन करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

आता पैसे. अख्खा हप्ता अडवून ठेवणं मला पटत नाही. राग समजतो, पण मशीन चालतंय, खालचा मजला गरम आहे, उद्या प्रकरण वर गेलं तर "काम घेतलं आणि पैसे बुडवले" ही गोष्ट त्याला आयती मिळते. आधी करार वाचा, राखीव रकमेबद्दल काही लिहिलंय का बघा. नसेल तर जितकं काम दोषाचं तितकाच भाग राखून बाकीचा भरा आणि का राखला ते लेखी द्या. आणि दुसऱ्या प्लंबरला बोलावून रेडिएटर बदलून घ्यायची घाई अजिबात करू नका, बिघाड करणाऱ्याला दुरुस्तीची संधी द्यावी लागते असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, आणि तिसऱ्याचा हात लागला की कुणाची चूक कुठली हे सांगणं मुश्किल होतं. गळती वगैरे थांबवावीच लागली तर आधी फोटो काढा आणि काढलेला पार्ट फेकू नका.

पत्र फोनवर बोलल्यासारखं लिहू नका. असं काहीतरी पुरे: "तुम्ही बसवलेल्या हीटिंगमध्ये वरच्या मजल्यावरच्या दोन बेडरूम, बाहेर ३ अंश असताना, १७.५ अंशांच्या वर जात नाहीत. कोटेशनमध्ये २१ अंश लिहिलेत. १४ दिवसांची नोंद आणि फोटो सोबत जोडले आहेत. खोलीवार हीट लॉसचा हिशोब आणि कमिशनिंगचा कागद ७ दिवसांत पाठवावा, तपासणी व दुरुस्तीसाठी २१ दिवसांच्या आतली तारीख कळवावी. शेवटच्या हप्त्यातला या दोन खोल्यांपुरता भाग राखून बाकीचा आज भरला आहे. उत्तर न आल्यास स्वतंत्र तपासणी करून त्याचा खर्च मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे." आकडे तुमचे टाका. कोटेशनमध्ये तापमान लिहिलेलंच नसेल तरी घाबरू नका, घर तापवायला बसवलेल्या सिस्टिमने राहत्या खोल्या तापवाव्यात ही अपेक्षा कुठेही धरता येते, फक्त जोर थोडा कमी होतो. पत्र ज्याच्याशी करार आहे त्याला, म्हणजे ज्याने बिल दिलं त्याला पाठवा. तो म्हणेल कंपनीशी बोला, कंपनी म्हणेल इन्स्टॉलरशी बोला, या टोलवाटोलवीत महिने जातात. कंपनीची वॉरंटी मशीनपुरती असते, लहान रेडिएटर आणि चुकलेलं बॅलन्सिंग तिच्यात बसत नाही.

तरीही हलला नाही तर स्वतंत्र तपासनीस. दोघांनी मिळून निवडलेला असला तर सोन्याहून पिवळं, कारण मग त्याचा रिपोर्ट नाकारायला कुणालाच तोंड राहत नाही. खर्च आधी निम्मा निम्मा आणि शेवटी ज्याची चूक निघेल त्याच्यावर, असं लिहून घ्या. एक अट मात्र ठेवाच, दुरुस्तीचं काम त्याला मिळणार नाही. दुरुस्ती करायची आशा असलेला माणूस "सगळं उखडून नवीन टाका" एवढंच सांगतो. आणि त्याला "काम कसं आहे" असं मोकळं विचारू नका, या खोलीची गरज किती, रेडिएटर किती देतो, बॅलन्सिंग झालंय का, बॅकअप हीटर का लागतो, असे प्रश्न लिहून द्या. बऱ्याच इन्स्टॉलरना त्यांच्या धंद्याच्या संघटनेची किंवा नोंदणीची तक्रार व्यवस्था लागू असते, बिलावरचे शिक्के बघा. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेलाही विचारा, तिथे मुदत असते. कोर्ट त्यानंतर, आणि अशा रिपोर्टनंतर बरेचसे इन्स्टॉलर कोर्टापर्यंत जातच नाहीत, दोन मोठे रेडिएटर बसवून देणं त्यांना परवडतं.

तडजोड झाली तर "रेडिएटर बदलून देऊ" एवढ्यावर सही करू नका. बाहेर २ अंशांच्या खाली असताना दोन्ही बेडरूम सलग तीन दिवस २० च्या वर राहिल्या पाहिजेत, तशी नोंद झाली की राखलेली रक्कम सुटेल, आणि बदललेल्या कामाची वॉरंटी बदलल्या तारखेपासून मोजली जाईल, असं लिहा. "यापुढे कुठलीही तक्रार राहणार नाही" अशी ओळ तो घालेलच, ती ही चाचणी पास झाल्यानंतरच लागू होईल असं करून घ्या. आणि थर्मामीटर या आठवड्यातच आणा, कारण थंडी ओसरली की ही चाचणी घेताच येत नाही, ऊबदार दिवसांत लहान रेडिएटरसुद्धा खोली आरामात तापवतो आणि मग पुढचा हिवाळा येईपर्यंत तुमच्या हातात काहीच राहत नाही.