निस्तरल्याशिवाय निघू नकोस

चि. …,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. पंचविसाव्या वर्षी टीम लीड, अठ्ठाविसाव्या वर्षी मॅनेजर, बत्तिसाव्या वर्षी डायरेक्टर आणि पस्तिशीत सीटीओ म्हणजे तंत्रज्ञान विभागाची प्रमुख, असा चढता क्रम तू मांडला आहेस, आणि प्रत्येक पायरीवर कंपनी बदललेली आहे. तक्ता नेटका आहे. त्यात काम मात्र कुठे दिसत नाही. गेले वर्षभर तू ज्या पेमेंट मॉड्यूलची नव्याने बांधणी केलीस, ते दोन महिन्यांनी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरात, जाणार आहे. बेंगळुरूच्या कंपनीला तू त्याआधीच हवी आहेस आणि उरलेल्या नोटीस पिरियडचे पैसे भरायलाही ती तयार आहे. त्याआधी निघायचे की थांबायचे, खरा प्रश्न एवढाच आहे. एमबीए की एमएस, मॅनेजर की आर्किटेक्ट, हे बाकीचे सारे तू त्याच्याभोवती रचले आहेस.

माझे मत सरळ आहे. रिलीज कर, ते मॉड्यूल निदान वर्षभर सांभाळ, त्यात जे मोडेल ते स्वतः निस्तर आणि मग खुशाल जा. तिथे अपमान होत असता किंवा पगार थकत असता, तर उद्याच राजीनामा दे म्हणालो असतो. तसे काही तू लिहिलेले नाहीस.

तंत्रज्ञानातल्या वरच्या माणसाला पगार कशाचा मिळतो, याचा तू विचार केला आहेस का? अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायचा आणि तो इतरांना दहा वर्षे भोगावा लागणार आहे याचे भान ठेवायचे, हेच त्याचे काम असते. ही समज कोणत्याही वर्गात मिळत नाही. आपण घेतलेला निर्णय वर्षा-दोन वर्षांनी आपल्याच दारात तक्रार होऊन उभा राहतो, तेव्हा ती येते. दर दीड वर्षाला कंपनी बदलणाऱ्याच्या गाठीला दहा वर्षांचा अनुभव आहे असे म्हणतात, पण पहिल्या दीड वर्षाचाच अनुभव त्याने सहा-सात वेळा घेतलेला असतो.

एका सहकारी बँकेच्या सॉफ्टवेअरवर मी काम करत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. खातेदाराच्या नावासाठी कोणीतरी तीस अक्षरांची जागा ठेवली होती. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव, त्यात खाते संयुक्त असेल तर दुसऱ्या माणसाचीही तशीच तीन नावे. पुढे पॅन जोडण्याची वेळ आली तेव्हा तुटकी नावे जुळेनात. रकाना वाढवणे हे पाच मिनिटांचे काम आहे, असे साहेबांना वाटले. रकाना वाढवला आणि पासबुकावर नाव शिल्लक रकमेच्या जागेत घुसले. दुसऱ्या यंत्रणेकडे जाणाऱ्या ठरावीक रुंदीच्या फाइलमधला प्रत्येक आकडा पुढे सरकला आणि रात्रीचा डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशेब मिटवण्याचे काम, मधेच थांबले. तीस हा आकडा ज्याने निवडला तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. आज तो कुठेतरी मोठ्या पदावर असेल आणि नव्या मुलांना डेटाबेस कसा रचावा हे शिकवतही असेल. त्या तीस अक्षरांचे काय झाले हे त्याला कधी कळलेच नाही. माझा राग त्याच्या निर्णयावर नाही; करून नामानिराळा राहिल्यामुळे तो त्यातून काहीच शिकला नाही, यावर आहे.

ही केवळ छोट्या बँकेची गोष्ट समजू नकोस. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने १ ऑगस्ट २०१२ च्या आधीच्या काही दिवसांत आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायला घेतला आणि तो सातांवरच पडला. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना कोड तसाच होता, आणि त्याला चालू करणारी खूण नव्या कामासाठी पुन्हा वापरली गेली होती. १ ऑगस्टला बाजार उघडण्याआधी यंत्रणेने चूक दाखवणारे ९७ ईमेल आपोआप पाठवले. त्यांवर कोणी हालचाल केली नाही. बाजार उघडला आणि जुना कोड भलतेच व्यवहार करू लागला, तेव्हा घाईघाईत त्या नीट चाललेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला गेला, त्यामुळे तेथेही जुना कोड जागा झाला आणि नुकसान वाढले. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. नऊ वर्षे पडून राहिलेला तो कोड वेळीच काढून टाकण्याची जबाबदारी कोणीच आपली मानली नव्हती.

तू सत्या नडेला यांचे उदाहरण दिले आहेस, म्हणून त्यांचाच हिशोब पाहू. ते १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि २०१४ मध्ये सीईओ झाले. मधली बावीस वर्षे तुझ्या तक्त्यात कुठे बसतात? एमबीएही त्यांनी नोकरी सांभाळून केले. शंतनू नारायण १९९८ मध्ये अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीत आले आणि २००७ मध्ये प्रमुख झाले. लिसा सू यांनी कंपन्या बदलल्या, असे तू म्हणशील. बदलल्या, पण त्यांतल्या आयबीएममध्ये त्या १९९५ ते २००७ होत्या, आणि चिपमध्ये अ‍ॅल्युमिनियमऐवजी तांब्याच्या जोडण्या आणण्याचे किचकट काम तिथे तडीला नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. एएमडी या चिप कंपनीचे प्रमुखपद त्यांना २०१४ मध्ये मिळाले. कंपनी बदलण्याला माझा विरोध नाही, हे तिसऱ्यांदा लिहितो आहे असे मला वाटते. अर्धवट टाकून जाण्याला आहे.

माझ्याबरोबर नोकरीला लागलेले आज व्हाइस प्रेसिडेंट आहेत आणि मी अजून लॉग, म्हणजे यंत्रणेने लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचत बसतो, हे तू तुझ्या आईकडून ऐकले असशीलच. एका अप्रेजलमध्ये ‘एकाच प्रॉडक्टमध्ये अडकले आहेत’ असा शेरा मला मिळाला, आणि पुढच्याच मार्चअखेरीस शेरा लिहिणाऱ्या साहेबांनी मध्यरात्री मलाच फोन केला. हे मी फुशारकीने सांगतो आहे हे मलाही कळते. पण चार पावसाळे जास्त पाहिलेल्या माणसाला एवढी फुशारकी माफ असावी. पद न मिळाल्याची खंत नाही, असे मी लोकांना सांगतो. तुला सांगतो, खंत आहे. ती पगारापेक्षा यासाठी आहे, की ज्या बैठकीत ते प्रॉडक्ट बंद करायचे ठरले, त्या बैठकीत ते आतून जाणणारा एकही माणूस नव्हता. थांबणाऱ्याने वरही गेले पाहिजे. नाहीतर न थांबणारेच सगळे ठरवतात. तू वर जावेस असे मला मनापासून वाटते, म्हणून तर एवढे लांबलचक लिहितो आहे.

पुढच्या वर्षात ऑन-कॉलच्या, म्हणजे बिघाड झाल्यावर केव्हाही धावून जाणाऱ्यांच्या, यादीत स्वतःचे नाव घाल. मोठा निर्णय घेतलास की कोणते पर्याय होते आणि हाच का निवडला, हे तारखेसह लिहून ठेव आणि सहा महिन्यांनी न लाजता वाच. तुझ्या हाताखालच्या मुलाला ते मॉड्यूल इतके शिकव की तू नसताना रात्री दोन वाजता त्याला रोलबॅक, म्हणजे नवा कोड काढून जुना परत आणणे, करावा की करू नये हे ठरवता येईल. टीम लीड हे पद तुला कोणी देण्याआधीच तू ते काम करू लागलेली असशील.

बेंगळुरूच्या लोकांना रिलीजनंतर वर्षभराने बोलू असे कळव. त्यांनी नकार दिला तर देऊ दे. आणि मला शनिवारपर्यंत एक पान लिहून पाठव: ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पोहोचलेच नाहीत, अशा वेळी तुझे मॉड्यूल नेमके काय करते, ते सर्वांत आधी कोणाला कळते आणि किती वेळात. मॅनेजर की आर्किटेक्ट, यावर आपण ते पान वाचल्यावर बोलू.

तुझा,
काका