फिजीचा लिओने नाकारावा नक्की कोण, आणि रग्बीवाले त्याचं एवढं कौतुक का करतात?

अहो माणूस साडेसहा फुटी लॉक, म्हणजे खरं तर धक्काबुक्कीवाला गडी, पण हात असे की दोन जण कमरेला लटकलेत, हा खाली पडतोय आणि तरी एका हाताने बॉल मागच्याला अलगद देतो, त्यालाच ऑफलोड म्हणतात. आधी फिजीच्या सैन्यात होता, मग स्कॉटलंडच्या ग्लासगो क्लबला गेला, तिथे २०१५ ला प्रो१२ ही क्लबांची लीग जिंकली, फायनलचा सामनावीर हाच. २०१६ ला रिओत सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचं गोल्ड, फिजीचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक मेडल! नंतर पॅरिसचा क्लब रासिंग ९२, २०१८ ला युरोपचा बेस्ट प्लेयर, पण २०१९ च्या वर्ल्ड कपनंतर उशिरा परतला म्हणून क्लबने काढूनच टाकलं, मग परत ग्लासगो, पुढे फ्रान्सचाच तुलाँ क्लब.