परदेशात राहणाऱ्या पोर्तुगीजांची ओळख तिसऱ्या पिढीतही टिकते का?

तुम्ही विचारलंय की पिढ्यान्‌पिढ्या पोर्तुगालबाहेर राहणारे लोक भाषा विसरल्यावरही स्वतःला पोर्तुगीज का म्हणवतात, आणि त्यात खरं किती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरला मी काही वर्षं भाड्याने राहिलो. आजूबाजूची वस्ती सगळी पोर्तुगीज. तिथे जे पाहिलं आणि त्या ओढीने पुढे जे वाचत गेलो, त्यावरून सांगतो.

तिथले बहुतेक लोक मूळचे अटलांटिकमधल्या पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचे, काही मदेइरा या दुसऱ्या पोर्तुगीज बेटाचे. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या न्यू बेडफर्डची देवमाशांच्या शिकारीची जहाजं अझोर्समधल्या फायाल बेटाच्या ऑर्ता बंदरात पाणी, धान्य आणि खलाशी घ्यायला थांबायची. पहिली माणसं आली ती या जहाजांवरून. मग कापडगिरण्या वाढल्या आणि त्यांच्या मागोमाग भाऊबंद आले. १९५७ मध्ये फायालच्या किनाऱ्याला कापेलिन्योस ज्वालामुखी जागा झाला. वर्षभर तो धुमसत होता, घरं आणि शेतं राखेखाली गेली. १९५८ मध्ये अमेरिकेने त्या निर्वासितांसाठी खास कायदा केला. त्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत तेव्हाचे सिनेटर जॉन केनेडी होते.

बेटावर असताना हा माणूस साओ मिगेलचा नाहीतर फायालचा, त्यातही अमक्या गावचा. गिरणीत आल्यावर सगळे एकजात 'पोर्तुगीज' झाले, कारण मुकादम आणि आयरिश शेजारी त्यांना तेच म्हणायचे. त्यामुळे ही ओळख गावाहून जशीच्या तशी आली आणि इथे जपली गेली, असं मला वाटत नाही. ती बरीचशी इथेच घडली. घडताना काही माणसं बाहेरही ठेवली गेली. पश्चिम आफ्रिकेजवळच्या, तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात असलेल्या केप व्हर्दे बेटांवरचे लोक त्याच जहाजांवरून न्यू बेडफर्डला आले, कागदोपत्री तेही पोर्तुगीजच होते. पण त्यांचा वर्ण काळा. अमेरिकेत रंगावरून काय भोगावं लागतं हे दिसताच अझोर्सवाल्यांनी त्यांच्यापासून अंतर राखलं. १९७५ मध्ये केप व्हर्दे स्वतंत्र झाल्यावर त्यांनी आपली वेगळी ओळख उघडपणे मांडली. पोर्तुगीज समाजाचं कौतुक करताना हा भाग गाळला जातो, त्याचं मला वाईट वाटतं.

आता टिकण्याबद्दल. माझ्या मते जे टिकलं ते सामुदायिक कामामुळे टिकलं. पवित्र आत्म्याचा सण हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. ईस्टरनंतर सात आठवडे चांदीचा मुकुट दर आठवड्याला एकेका घरी मुक्कामाला असतो. घरं चिठ्ठ्या टाकून ठरतात. दिवाणखान्यात फुलांची आरास करून त्यात मुकुट ठेवायचा, रोज संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जमून रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, म्हणायची. शेवटी मिरवणूक आणि सगळ्यांना फुकट जेवण. गरिबाच्या डोक्यावर मुकुट ठेवून त्याला जेवू घालण्याची ही प्रथा पोर्तुगालच्या राणी इसाबेलने सुरू केली असं ते मानतात.

आमच्या घरमालकीणबाईंमुळे मला एकदा हा सण भरवणाऱ्या पोर्तुगीज क्लबच्या स्वयंपाकघरात जायला मिळालं. गोमांस रात्रभर मोठाल्या पातेल्यांत शिजत होतं. सकाळी बायका परातींत शिळ्या पावाचे जाड तुकडे रचत होत्या, त्यावर पुदिन्याच्या काड्या पसरत होत्या आणि वरून उकळता रस्सा ओतून झाकत होत्या. याचं नाव सोपाश. वाढायला जी तरुण मुलं होती त्यांतल्या कितीतरी जणांना पोर्तुगीजमध्ये दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती. पण पाव किती भिजला की परात उचलायची, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

न्यू बेडफर्डचा मदेइरावाल्यांचा उत्सव १९१५ मध्ये चार जणांनी सुरू केला. आज तिथे लाखभर लोक येतात. मांसाचे तुकडे विकत घ्यायचे, लांब सळईत स्वतः ओवायचे आणि निखाऱ्यांवर भाजायचे. जत्रा छान असते, पण मला त्यापेक्षा क्लबांमधले लहान सण जास्त मोलाचे वाटतात.

भाषेसाठीही धडपड झाली. न्यू बेडफर्डला १९७१ पासून 'कासा दा साउदाद' नावाचं पोर्तुगीज पुस्तकांचं सार्वजनिक ग्रंथालय आहे, पोर्तुगीज रेडिओ आहे. तरी नातवंडं इंग्रजीच बोलतात. आडनावंसुद्धा बदलली: परेराचं पेरी झालं, रॉड्रिग्जचं रॉजर्स, सिल्वाचं सिल्व्हिया. घरं मात्र लांबून ओळखू येतात. दाराशेजारी फातिमा मातेचं (पोर्तुगालमधल्या फातिमा गावची मेरीमाता) चित्र असलेली निळी फरशी, मागे द्राक्षांचा मांडव आणि केलच्या पालेभाजीचे वाफे.

फ्रान्समधली कथा याहून वेगळी. १९६० च्या दशकात पोर्तुगालमधली सालाझारची हुकूमशाही, गरिबी आणि १९६१ पासून आफ्रिकेतल्या वसाहतींमधली युद्धं यांना कंटाळून लाखो लोक चोरवाटेने डोंगर ओलांडून गेले. निघताना फोटो फाडून अर्धा घरी ठेवायचा आणि अर्धा स्वतःजवळ. सुखरूप पोचलं की आपला अर्धा घरी पाठवायचा, दोन्ही तुकडे जुळले की घरचे वाटाड्याचे उरलेले पैसे चुकते करायचे. पॅरिसजवळ शांपिन्यीला त्यांची चिखलातली मोठी झोपडपट्टी होती. पुरुष गवंडीकाम करायचे, बायका इमारतींची राखण आणि साफसफाई. हे लोक अजून ऑगस्टमध्ये गावी जातात, गणपतीला चाकरमानी कोकणात जातात तसेच. पोर्तुगाल जवळ असल्यामुळे त्यांची भाषा अमेरिकेपेक्षा बरी टिकली.

गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडात स्विंडनला गेलेले लोक यात धरू नका. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुलांचा तो कायदेशीर हक्क आहे, पण घरात त्यांची ओळख गोंयकाराचीच असते.

पुढचं सांगायचं तर, १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यापासून तिथले तरुण फ्रान्स, स्वित्झर्लंड, लक्झेंबर्गला जातात. अमेरिकेत नवी माणसं फारशी येत नाहीत. फॉल रिव्हरचे क्लब आता तिथेच जन्मलेल्या नातवंडांवर अवलंबून आहेत, आणि काही क्लबांना समितीसाठी माणसं मिळत नाहीत. तुम्ही न्यू इंग्लंडात असाल तर ईस्टरनंतर एखाद्या रविवारी तिथे नक्की जा. गोमांस खात नसाल तर आधी सांगा, गोड पाव मिळतोच. जेवायला आमंत्रण लागत नाही.