नौबत झडते आणि नौबत येते

'देवीच्या दारात नौबत झडली' आणि 'उपाशी झोपायची नौबत आली', या दोन वाक्यांतली नौबत एकच का, असा प्रश्न आलाय. विचारणाऱ्यांनी सोबत तर्कही दिलाय: पूर्वी संकट आलं की नगारा वाजवून गावाला सांगत, म्हणून नौबत म्हणजे वाईट वेळ.

शब्द एकच. तर्क मात्र उलट्या टोकाने धरलाय. नौबत हे मुळात वाद्याचं नाव नव्हेच. अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा पहिला अर्थ 'पाळी'. राजवाड्याच्या नाहीतर देवळाच्या दारावर ठरल्या पाळ्यांना नगारे वाजत; त्या वादनाला नौबत म्हणू लागले, आणि पुढे खुद्द नगाऱ्यालाच ते नाव चिकटलं. दिल्लीच्या लाल किल्ल्यातला नौबतखाना काय किंवा पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचा नगारखाना काय, जागा एकाच कामाच्या. (नगाराही अरबीच, 'नक्कारा'. त्याच्या मुळाशी ठोकणं आहे.)

आता दुसऱ्या वाक्यात 'पाळी' घालून बघा: 'उपाशी झोपायची पाळी आली.' काही बिघडलं? म्हणजे या अर्थाला नगाऱ्याची गरजच नाही. आणि अशी पाळीही मराठीत वाईटाचीच येते. 'पेढे वाटायची पाळी आली' असं कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर थट्टेनं. नौबतीचंही तेच.

जाता जाता 'झडणे'बद्दल. 'नौबत वाजली' चूक नाही, पण 'झडली'ला तोड नाही. तांब्याचं कढईसारखं भांडं, तोंडावर आवळलेलं कातडं, दोन टिपऱ्या. लहानपणी नवरात्रात पहाटे नगाऱ्याशेजारी उभा राहायचो. घडशी, म्हणजे देवळातले वाजंत्री, आधी एकेक ठोका सुटा, मोजून टाकायचे. मग हात असे चालायचे की ठोक्यातला ठोका वेगळा काढता येत नसे. पावसाची झड लागावी तसं. म्हणून चौघडेही झडतात. ढोल मात्र बडवतात, आणि ताशा कडाडतो.

हल्ली पुष्कळ देवळांत आरतीला मोटारीवरचा नगारा असतो, बटण दाबलं की सुरू. त्याला 'झडतो' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.