मालिकेतील स्वमग्न तरुण नायकाला असामान्य बुद्धिमत्ता द्यावी का?

22 वर्षांच्या स्वमग्न (ऑटिस्टिक) तरुणावर आपण मालिका लिहीत आहात आणि प्रेक्षकांना तो आपलासा वाटावा म्हणून त्याला एखादी विलक्षण बुद्धी द्यावी का, असे विचारले आहे. माझ्या मते देऊ नये. पटकथालेखन हा माझा व्यवसाय नाही; माझा 26 वर्षांचा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे आणि या विषयावरच्या बऱ्याच मालिका मी त्याच्या शेजारी बसून पाहिल्या आहेत, एवढाच माझा अधिकार. ('स्वमग्न' हा शब्द त्याला आवडत नाही, स्वतःत मग्न असतो तर इतक्या आवाजांचा त्रास झाला असता का, असे तो विचारतो.)

बुद्धीची ही वाट 1988 च्या 'रेन मॅन' या चित्रपटाने रुळवली. पुढे 2013 ची कोरियन 'गुड डॉक्टर', तिच्यावरून 2017 ते 2024 या काळात चाललेली अमेरिकी मालिका आणि 2022 ची 'एक्स्ट्रॉर्डिनरी अटर्नी वू' यांनी त्याच वाटेवर शल्यविशारद आणि वकील उभे केले. या मालिका मन लावून केलेल्या आहेत, पण त्यांतला व्यवहार मला खटकतो. नायकाचे वागणे सहकारी खपवून घेतात, कारण तो रुग्ण वाचवतो किंवा खटला जिंकून देतो. माझा भाऊ कार्यालयात नोंदी तपासण्याचे काम नीट करतो, पण सर्वांना थक्क करील असे त्याच्याकडे काही नाही.

याहून मोठी अडचण मला कॅमेऱ्याच्या जागेची वाटते. नायकाचा तोल सुटतो, वस्तू फुटतात आणि दृश्य आईच्या डोळ्यांतल्या पाण्यावर थांबते. त्याला काय झाले, हे कळतच नाही. माझा भाऊ फार अस्वस्थ झाला की लिफ्टमधल्या ध्वनिमुद्रित बाईच्या आवाजात, अगदी तिच्याच हेलात, 'कृपया दरवाजा बंद करा' असे पुन्हा पुन्हा म्हणतो. पडद्यावर अशा वाक्याला हशा मिळतो. लहानपणी तो लिफ्टमध्ये अडकला होता आणि त्या वाक्याचा अर्थ 'मला इथून बाहेर काढा' असा आहे, हे उमगायला आम्हा घरच्यांनाही काही वर्षे लागली. असे वाक्य लिहिणार असाल तर त्याचा अर्थ आधी स्वतःशी पक्का करा, आणि तोल सुटण्याच्या वीस मिनिटे आधीपासून दृश्य सुरू करा.

कामावरून आल्यावर तो तासभर कानांवर हेडफोन लावून बसतो. त्यात काहीच वाजत नसते. दिवसभर लोकांकडे बघून हसण्याची, हात स्थिर ठेवण्याची जी कसरत त्याने केलेली असते, तिचा शीण त्या तासात उतरतो. हा तास मी फारसा कुठे पाहिलेला नाही.

कलाकारांच्या निवडीबद्दलही आपण विचारले आहे. 'अटिपिकल' या अमेरिकी मालिकेच्या 2017 मधील पहिल्या पर्वावर ऑटिस्टिक व्यक्तींना पुरेसे सामील न केल्याची टीका झाली आणि दुसऱ्या पर्वात ऑटिस्टिक कलाकार घेतले गेले. 'ॲज वी सी इट' या 2022 च्या मालिकेत तिन्ही प्रमुख भूमिका ऑटिस्टिक कलाकारांनी केल्या. तिथे हॅरिसनला एकट्याने रस्त्यावरून चालत जाणे हेच जिकिरीचे आहे आणि व्हायोलेटला प्रियकर हवा आहे. ती हट्टी आहे, कधी चुकतेही, आणि म्हणूनच मला ती विसरता येत नाही. मालिका आठ भागांनंतर बंद झाली. असा कलाकार मिळाला नाही तरी ऑटिस्टिक वाचकाला मानधन देऊन पटकथेच्या पहिल्या खर्ड्यापासून सोबत घ्या; चित्रीकरणानंतर दिलेला सल्ला बहुधा पोशाखापुरताच उरतो.

एक मालिका पाहताना भावाने मध्येच विचारले, 'हा एकटा असतो तेव्हा काय करतो?' आम्ही मागे जाऊन तपासले. तिसऱ्या भागापर्यंत तो खोलीत एकटा असल्याचे एकही दृश्य नव्हते.