आमच्या गटावर हिरवा रंग कुणी दिला?

मागच्या अंकात झोन दाखल्यावर, म्हणजे जागा घरासाठी ठरवलीय का शेतीसाठी ते सांगणाऱ्या सरकारी कागदावर, चारच ओळी लिहिल्या होत्या आणि सांगली-साताऱ्याकडून इतके प्रश्न आले की हा सगळा कॉलम त्यालाच द्यावा लागला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, फक्त गाव ठेवलंय.

प्रश्न (सांगली, कर्नाळ रोड): मॅडम, दोन गुंठ्याचा प्लॉट बघितलाय. एजंट म्हणतो येलो झोन आहे, दस्त होतोय, शेजारी घरं पण झालीत. घ्यावा का?

दादा, "दस्त होतोय" यावर अजिबात जाऊ नका. रजिस्टर ऑफिसात दस्त नोंदवला म्हणजे तिथं घर बांधता येतं असं कुणीही सांगितलेलं नाही, ते ऑफिस झोन बघत नाही. घरपट्टीच्या पावतीचंही तेच, पावती म्हणजे परवानगी नव्हे. आणि शेजारी घरं झालीत म्हणाल तर सांगलीत गुंठेवारीत, म्हणजे शेताचे गुंठे-गुंठे पाडून विनापरवाना विकलेल्या जागेत, अख्ख्या कॉलन्या उभ्या राहिल्या आणि मग त्यांच्यासाठी २००१ साली कायदा करावा लागला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं त्यात घेतली. पण गुंठेवारीत नियमित झालं म्हणून पाणी यायचं थांबत नाही, शामरावनगरात पावसाळ्यात एकदा चक्कर मारून या.

आता करायचं काय ते सांगते. महापालिकेच्या नगररचना विभागात जा, सातबारा जोडून अर्ज द्या आणि झोन दाखला मागा, पण नुसता दाखला घेऊन परत येऊ नका, त्याच्याबरोबर भाग नकाशा पण मागा, म्हणजे मंजूर विकास आराखड्याचा तुमच्या गटापुरता तुकडा, सही-शिक्क्यासह. कारण दाखल्यावर कधीकधी नुसतं "अंशतः रहिवासी, अंशतः शेती" असं असतं आणि सगळी गंमत त्या "अंशतः"मध्ये असते. नकाशात पिवळा म्हणजे रहिवासी, निळा व्यापारी, जांभळा कारखान्यांचा आणि हिरवा म्हणजे शेती नाहीतर बागबगीचा. एकाच गटातून रेघ जाते, रस्त्याकडची बाजू पिवळी आणि ओढ्याकडची हिरवी, एजंट तुम्हाला गाडीतून उतरवतो रस्त्याकडं आणि दोन गुंठे देतो ते ओढ्याकडं. म्हणून इसार द्यायच्या आधी मोजणी करून घ्या आणि मोजणीचा नकाशा त्या भाग नकाशावर ठेवून बघा, तुमचे दोन गुंठे रेघेच्या अलीकडं का पलीकडं ते.

हिरव्यात पडले तर प्रश्नच मिटला. शेती झोनमध्ये तुकडेबंदी आहेच, २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणं बागायतीला किमान १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे, दोन गुंठ्याचा स्वतंत्र सातबारा होणार नाही. मग एजंट सांगतो "सामायिकात नाव लावू", म्हणजे आठ-दहा अनोळखी माणसं एका सातबाऱ्यावर, आणि पुढं एकानं कर्ज काढलं की सगळ्यांच्या डोक्याला ताप. २०२५ मध्ये सरकारनं छोट्या तुकड्यांना जी सवलत दिली ती रहिवासी, व्यापारी अशा झोनसाठी होती, एजंट ती सगळीकडं लावून सांगतात.

आणि कर्नाळ रोड म्हणाल्यावर पूररेषा विचारल्याशिवाय मी पुढं जाणारच नाही. पाटबंधारेवाल्यांनी दोन रेषा आखलेल्या असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा इथं घर बांधायचं नाही म्हणजे नाही, बाग, पार्किंग, उघडी मंडई असलं काहीतरी चालतं. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट पाहिजे, ही अट राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहे जी डिसेंबर २०२० पासून लागू झाली. आता विचार करा, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या प्लॉटवर लाल रेषेची पातळी जमिनीपासून माणसाच्या डोक्याएवढी वर असेल तर जोतं कुठं जाईल आणि भराव, दगड, पायऱ्या यांचा खर्च किती, तो प्लॉटच्या किमतीत धरा आणि मग स्वस्त पडतोय का बघा. सर्व्हेअरकडून लेव्हल काढून घ्या, आणि ते नसेल जमत तर शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर २०१९ चा डाग कुठवर आहे ते त्या घरातल्या आजींना विचारा, त्या बरोबर बोट ठेवून दाखवतील.

प्रश्न (सातारा, सदर बझार): माझी मुलगी अमेरिकेत असते. तिला तिथल्या काउंटीच्या प्लॅनिंग डिपार्टमेंटकडून घरी पत्र आलं, की पलीकडच्या जागेचा वापर बदलायचा अर्ज आलाय, तुमचं म्हणणं असेल तर अमुक तारखेला सुनावणीला या. शेजाऱ्याच्या जागेचं हिला पत्र! आपल्याकडं असं का नाही?

काका, तुमचं पत्र वाचून मलाही हेवा वाटला, पण थोडं समजून घ्या. काउंटी म्हणजे ढोबळ मानानं आपला जिल्हा धरा. शहराच्या हद्दीत शहराचं स्वतःचं प्लॅनिंग असतं आणि हद्दीबाहेरच्या जमिनीचं काउंटी बघते. त्यांचा एक मोठा आराखडा असतो, पुढच्या वीसेक वर्षांत वस्ती कुठं वाढवायची, शेती कुठं राखायची, रस्ते-पाणी कुठवर न्यायचं याचा, आणि त्याच्या खाली झोनिंगचा कायदा. वापर बदलायचा किंवा नियमात सूट पाहिजे असली की आजूबाजूच्या काही शे फुटांतल्या मालकांना पत्र जातं, जागेवर बोर्ड लागतो, प्लॅनिंग कमिशनपुढं उघड सुनावणी होते, आणि बहुतेक ठिकाणी कमिशन शिफारस करतं आणि शेवटचा निर्णय निवडून आलेलं मंडळ घेतं. लॉस एंजेलिस काउंटीनं १९२२ मध्ये असं कमिशन नेमलं, अमेरिकेतल्या काउंट्यांमधलं ते पहिलं. झोनिंग करायचा अधिकार आहे का नाही हा वाद त्यांच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या बाजूनं निकाल लागला. पण सगळीकडं एकच तऱ्हा नाही हं, टेक्सासमधल्या बहुतेक काउंट्यांना झोनिंगचा अधिकारच नाही आणि ह्यूस्टनसारखं अवाढव्य शहर झोनिंगशिवाय चाललंय.

शिवाय तिथं बऱ्याच काउंट्यांत हेच खातं कम्युनिटी डेव्हलपमेंटपण बघतं, गरिबांच्या घरांची दुरुस्ती, जुन्या वस्तीतली गटारं, फुटपाथ, यासाठी १९७४ च्या कायद्यानं केंद्राकडून अनुदान येतं ते याच टेबलावरून वाटलं जातं. म्हणजे नकाशा आणि पैसा एका छताखाली. आपल्याकडं नकाशा एकीकडं, पैसा दुसरीकडं.

आपल्याकडंही हरकतीचा हक्क आहे बरं का, १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यातच आहे. फरक एवढाच की पत्र घरी येत नाही. राजपत्रात आणि पेपरात नोटीस येते, नकाशा ऑफिसात लावतात, आणि ज्याच्या शेतावर बाग, रस्ता अशा सार्वजनिक कामाचं आरक्षण पडलं तो त्या दिवशी द्राक्षाच्या फवारणीत असतो. घरी पत्र पाठवायला असा काय खर्च येतो, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं आहेत की. हे माझं मत झालं, तुमच्या आमदारांनाही कळवा.

प्रश्न (विटा): आमच्या जागेवरचं आरक्षण उठवायला जिल्हा नियोजन समितीकडं अर्ज द्यावा असं एकानं सांगितलं. पालकमंत्री ओळखीचे आहेत.

ओळख असू दे, पण अर्ज चुकीच्या दारात जाईल. जिल्हा नियोजन समिती ७४ व्या घटनादुरुस्तीतून आली, पालकमंत्री तिचे अध्यक्ष, आणि तिचं मुख्य काम जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा निधी ठरवणं, शाळाखोल्या, रस्ते, नळयोजना. जमिनीच्या वापराचा रंग ती बदलत नाही. शहरात असाल तर नगरपालिका, बाहेर असाल तर जिल्ह्याचं सहायक संचालक, नगररचना यांचं ऑफिस.

प्रश्न (कराड): वडिलांच्या वीस गुंठ्यावर बागेचं आरक्षण आहे, बारा-तेरा वर्षं झाली. ना बाग होते ना पैसे मिळतात ना विकता येतं. वडील म्हणतात सरकारशी कोण भांडणार.

ताई, भांडायचं नाही, नोटीस द्यायची. १९६६ च्या त्याच नगररचना कायद्याचं कलम १२७. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक खरेदी नोटीस देऊ शकतो, आणि नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा घ्यायची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं आणि शेजारच्या जमिनीला जे चालतं ते तुमच्या जमिनीला चालतं.

पण यात लोक घसरतात कुठं ते बघा. दहा वर्षं मोजायची ती अंतिम मंजूर आराखडा अमलात आला त्या तारखेपासून, प्रारूप निघालं तेव्हापासून नाही, त्यामुळं तुमची "बारा-तेरा" आधी कागदावर तपासा. नोटीस नगरपालिकेला बजावायची, त्याच्याबरोबर मालकी दाखवणारे कागद जोडायचे, सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा. वारस नोंद राहिली असेल तर आधी ती करा, नाहीतर "मालकी सिद्ध होत नाही" असं उत्तर येतं आणि वर्ष वाया. नुसता विनंती अर्ज म्हणजे नोटीस नव्हे, कलमाचा उल्लेख करा, वकिलाकडून लिहून घ्या आणि पोच जपून ठेवा. मुदत संपली की गप्प बसू नका, आरक्षण संपल्याचं राजपत्रात प्रसिद्ध करा म्हणून मागं लागा, कारण ते कागदावर आल्याशिवाय बांधकामाची फाईल हलत नाही. मध्ये पालिकेनं पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडं जादा बांधकाम करायचा विकता येणारा हक्क, देऊ केला तर बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे का बघून मग हो म्हणा, कराडात आणि पुण्यात टीडीआरचा भाव एक नसतो.

प्रश्न (जावळी तालुका): आमचं गाव नवीन महाबळेश्वरमध्ये आलंय म्हणतात. म्हणजे आता ग्रामपंचायतीला काही अधिकार नाही का? मुंबईचे लोक जमीन मागायला यायला लागलेत.

ग्रामपंचायत आहे तिथंच आहे. नवीन महाबळेश्वर हा गिरिस्थानाचा प्रकल्प. फरक काय पडला तर सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांतली गावं घेऊन तिथं रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं, म्हणजे तुमच्या भागात कुठं रिसॉर्ट, कुठं जंगल, कुठं गावठाणाची वाढ हा नकाशा आणि बांधकाम परवानगी हे त्यांच्याकडं. हे महाबळेश्वर-पाचगणीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रापेक्षा वेगळं प्रकरण आहे, ते केंद्राचं, जानेवारी २००१ पासूनचं. तिसरी पश्चिम घाटाची मसुदा अधिसूचना, तिच्यातही साताऱ्यातली गावं आहेत. तुमचं गाव यातल्या कुठल्या कुठल्या यादीत बसतं ते एकदा तलाठ्याकडं बसून बघा, कारण जमीन मागायला येणारा ते बघूनच आलेला असतो.

आणि हरकत कशी लिहायची हे खूप जणांनी विचारलंय म्हणून इथंच सांगते. आराखड्याचं प्रारूप किंवा त्यात बदल निघाला की प्रसिद्धीपासून मुदत असते, विकास आराखड्याला ३० दिवस. अख्ख्या गावाच्या सह्यांचं एक निवेदन देता ना, "आमचा तीव्र विरोध आहे", त्याचा सुनावणीत काही उपयोग होत नाही, कारण अधिकाऱ्यापुढं गट नंबरवार यादी असते. प्रत्येकानं आपली वेगळी द्या. वर गट नंबर, क्षेत्र, नकाशात काय दाखवलंय ते. मग जागेवर प्रत्यक्ष काय आहे, विहीर आहे, पाईपलाईन आहे, स्ट्रॉबेरीचा प्लॉट आहे, फोटो लावा. आणि मग पर्याय द्या, की हा रस्ता माझ्या विहिरीवरून न्यायच्या ऐवजी उत्तरेच्या बांधावरून न्या, तिथं आत्ताच पाणंद आहे. पर्याय दिलेली हरकत ऐकली जाते. शेवटी "मला प्रत्यक्ष सुनावणी हवी" हे वाक्य लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर बसा तिथंच.

प्रश्न (तासगाव): गावठाणाला लागून शेत आहे, मुलाला घर बांधायचंय. एनए लागतं का?

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल आणि प्रादेशिक योजनेत तो भाग विकासयोग्य झोनमध्ये असेल तर वेगळी एनए, म्हणजे बिगरशेती, परवानगी लागत नाही, पैसे किती भरायचे ते तहसीलदारांकडं विचारा. घराचा प्लॉट ३२०० चौरस फुटांच्या आत असेल तर नगररचनाकडं जायची गरज नाही, ग्रामपंचायतीतच काम होतं, पण नकाशा लायसनवाल्या इंजिनिअरच्या सहीचा पाहिजे.

प्रश्न (शाहूपुरी, सातारा): आमच्या कॉलनीतला ओपन स्पेस मूळ मालक आता विकायला काढतोय. २०२० ला आम्ही नगरपालिकेत आलो, आता कुणाकडं जायचं?

मंजूर लेआउटची प्रत काढा, तुमचा लेआउट हद्दवाढीच्या आधीचा असल्यानं ती पालिकेत सापडणार नाही, कलेक्टर ऑफिसच्या एनए फाईलमध्ये नाहीतर नगररचनाच्या जिल्हा ऑफिसात असेल. लेआउट मंजूर होताना जो १० टक्के ओपन स्पेस सोडायला लावतात तो सगळ्या प्लॉटधारकांच्या वापराचा, मूळ मालकाचं नाव सातबाऱ्यावर राहिलं असलं तरी त्याला तो प्लॉट म्हणून विकता येत नाही. प्रत मिळाली की पालिकेला आणि दुय्यम निबंधकाला दोघांनाही लेखी कळवा, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात "मंजूर लेआउटमधील खुली जागा" अशी नोंद घालायचा अर्ज तलाठ्याकडं त्याच दिवशी टाका. गिऱ्हाईक सातबारा बघतं, तुमची कॉलनी नाही.