ऑक्टोबरची वाट पाहू नका

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. गेल्या नोव्हेंबरात ६५ पूर्ण झाली, तेव्हा १ नोव्हेंबर २०२४ पासून शून्य प्रीमियमचा मेडिकेअर ॲडव्हांटेज प्लॅन (मेडिकेअर या अमेरिकी सरकारी आरोग्य विम्याचा खासगी कंपनीमार्फत चालणारा प्रकार) घेतला. यंदा जूनमध्ये स्टेंट बसवला. आता कळलं की माझे कार्डिऑलॉजिस्ट पुढच्या वर्षी प्लॅनच्या नेटवर्कमध्ये (करार असलेल्या डॉक्टरांच्या यादीत) नसतील. ओरिजिनल मेडिकेअरला (थेट सरकारी विम्याला) परत जाऊन मेडिगॅप (त्यातून न मिळणारा खर्च उचलणारा खासगी पूरक विमा) घ्यायचा विचार आहे. मेडिगॅपचा प्लॅन जी हा प्रकार महिना १८० डॉलर आणि औषधांचा पार्ट डी २० डॉलर पडेल. मित्र म्हणतात, १५ ऑक्टोबरला ओपन एनरोलमेंट (प्लॅन बदलण्याची दरवर्षीची मुदत) सुरू झालं की बदल. पत्नी ६३ वर्षांची आहे. दर हिवाळ्यात आम्ही तीन महिने पुण्यात असतो.

उत्तर: बदलाचा विचार मला पटतो. पण ऑक्टोबरपर्यंत थांबू नका, अर्ज याच महिन्यात करा.

१५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात तुम्ही ॲडव्हांटेज सोडून ओरिजिनल मेडिकेअरमध्ये जाऊ शकता, पार्ट डी घेऊ शकता, हे खरंच आहे. मात्र तो बदल १ जानेवारीपासून लागू होतो, आणि मेडिगॅप कंपनीने तुम्हाला घेतलंच पाहिजे असं बंधन त्या मुदतीत नसतं. गोंधळ होतो तो इथेच. मेडिगॅपची हक्काची मुदत पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासून सहा महिने, म्हणजे तुमची एप्रिलअखेर संपली. त्यानंतर न्यू जर्सीत कंपनी तब्येत तपासून नाही म्हणू शकते किंवा जास्त प्रीमियम लावू शकते. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये वर्षभर कधीही मेडिगॅप द्यावाच लागतो, तुमच्याकडे तसं नाही. जूनमधला स्टेंट बघून कंपनी काय उत्तर देईल, हे वेगळं सांगायला नको.

तरीही तुमच्यासाठी एक दार उघडं आहे. ६५ व्या वर्षी पहिल्यांदाच ॲडव्हांटेज घेतलेल्याला पहिल्या बारा महिन्यांत ते सोडून परत येता येतं, आणि मेडिगॅप कंपनीला आजारांकडे न बघता पॉलिसी द्यावी लागते. याला ट्रायल राइट म्हणतात. तुमचे बारा महिने ३१ ऑक्टोबरला पुरे होतात. मित्रांच्या सल्ल्याने जानेवारीपासून बदल केलात, तर हा हक्क हातातून गेलेला असेल.

आधी मेडिगॅपचा अर्ज भरा. पॉलिसी शक्यतो १ ऑक्टोबरपासून सुरू होईल असं बघा, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका. फॉर्ममध्ये गॅरंटीड इश्यूचा (आजार न बघता पॉलिसी देण्याच्या बंधनाचा) वेगळा भाग असतो, त्यात ट्रायल राइटवर खूण करा. मग हृदयविकार, मधुमेह वगैरे विचारणारं पान भरावं लागत नाही. एजंट ते भरायला सांगू लागला, तर तिथेच थांबवा आणि हक्काची आठवण द्या. ॲडव्हांटेज कधी सुरू झालं याचं पत्र जोडा. मेडिगॅप मंजूर झाल्याचं लेखी हातात आल्यावरच त्याच तारखेपासूनचा पार्ट डी घ्या. त्याने साधारणपणे ॲडव्हांटेज आपोआप बंद होतं, तरी १-८००-मेडिकेअरला फोन करून तारीख पक्की करून घ्या. प्लॅन जी कोणत्याही कंपनीचा घेतला तरी लाभ तेच असतात. त्यामुळे १८० चा आकडा आणखी दोनतीन ठिकाणी विचारून बघा, आणि वयाप्रमाणे प्रीमियम कसा वाढतो तेही विचारा.

आता खर्च. पार्ट बीचा प्रीमियम दोन्हीकडे सारखाच. त्यावर मेडिगॅप आणि पार्ट डी मिळून वर्षाला २४०० डॉलर, आणि पार्ट बीचं डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम), जे २०२५ साठी २५७ डॉलर होतं. त्यापुढे मेडिकेअरमध्ये बसणाऱ्या उपचारांचं, औषधं सोडून, तुमच्या खिशातून जवळजवळ काही जात नाही. ॲडव्हांटेजमध्ये धडधाकट वर्षी हे २४०० वाचतील, पण आजारपणाच्या वर्षी प्लॅनच्या कमाल मर्यादेपर्यंत भरावं लागेल, आणि ती २०२५ मध्ये नेटवर्कच्या आतही ९३५० डॉलरपर्यंत असू शकत होती. तुमच्या कागदांवर तुमचा आकडा बघा. दातांचे आणि चष्म्याचे लाभ मात्र तुम्ही गमवाल, ते वेगळे घ्यावे लागतील. हृदयाचा रुग्ण असताना डॉक्टर निवडण्याची मोकळीक आणि ठरलेला खर्च याला मी जास्त वजन देईन. महिन्याचे २०० डॉलर तुमच्या पेन्शनला खरंच जड जात असतील, तर मात्र कार्डिऑलॉजिस्ट ज्या नेटवर्कमध्ये आहेत असा दुसरा ॲडव्हांटेज प्लॅन शोधणं हा वाईट पर्याय नाही. त्यासाठी ऑक्टोबरची मुदत चालेल.

पत्नीचा प्रश्न वेगळा आहे. मेडिगॅप ज्याचा त्याचा असतो आणि त्यांची स्वतःची सहा महिन्यांची मुदत पार्ट बीबरोबर सुरू होईल. तेव्हा ती वाया घालवू नका.

पुण्याचं म्हणाल तर ओरिजिनल मेडिकेअर भारतात चालत नाही. प्लॅन जीमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च मिळतो, पण २५० डॉलर डिडक्टिबलनंतर, प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेल्या उपचारांना, आणि आयुष्यभरात एकूण ५०,००० डॉलरपर्यंत. तिसऱ्या महिन्यासाठी प्रवास विमा काढा, आणि त्यात आधीचा हृदयविकार धरला आहे का हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.